आधी पडदा, मग चित्र : घरातला एचडी टीव्ही निवडण्याचा इतिहास

या व्याख्यानमालेत आपण घरातल्या वस्तूंकडे इतिहासाचं साधन म्हणून बघतो आहोत. आजची वस्तू बहुतेकांच्या हॉलमध्ये भिंतीवर टांगलेली आहे. ती आपण स्वतः निवडून आणली असं आपल्याला वाटतं. तिची निवड नक्की कुणी, कुठे आणि कधी केली, हे आज बघू.

सुरुवात आमच्याच घरापासून करतो. २ एप्रिल २०११ हा दिवस इथे बसलेल्यांपैकी बहुतेकांना आठवत असेल. वानखेडेवर क्रिकेट विश्वचषकाचा अंतिम सामना होता. पाडवा ४ तारखेला होता आणि मोठी खरेदी पाडव्यालाच करायची असा आईचा आग्रह. पण आपला संघ अंतिम फेरीत गेला म्हटल्यावर मुहूर्त आपोआप अलीकडे आला. सामन्याच्या आदल्या संध्याकाळी आम्ही सगळे पुण्यातल्या एका मोठ्या दुकानात गेलो. भिंतभर टीव्ही लावलेले, आणि सगळ्यांवर एकच फिल्म चालू : रंगीत पोपट, धबधबा, पानावरचा दवबिंदू. सेल्समनने विचारलं, किती इंची? एलसीडी की एलईडी? एचडी रेडी की फुल एचडी? तुमची खोली किती फुटांची आहे, आणि घरी टीव्हीला जी वायर येते तिच्यातून काय येतं, हे दोन प्रश्न त्याने विचारले नाहीत. आम्हालाही ते सुचले नाहीत. बाबांच्या जवळजवळ दोन महिन्यांच्या पेन्शनएवढी रक्कम मोजून ३२ इंची एचडी रेडी सेट घरी आला.

रात्री केबलवाला आला. जुन्या टीव्हीतून काढलेली तीच काळी वायर त्याने नव्यात खोचली. चित्र आलं आणि घरात शांतता पसरली. मैदान म्हणजे हिरव्या रंगाचा लगदा. चेंडू मध्येच दिसायचा, मध्येच गायब. बातम्या देणाऱ्या बाईंचा चेहरा पसरट. आजी बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "ही माणसं एका दिवसात एवढी जाडजूड कशी झाली?"

बाबा दुसऱ्या दिवशी सकाळीच बिल घेऊन दुकानात गेले. तिथे सांगितलं, सेट उत्तम आहे, सिग्नल खराब आहे. केबलवाला म्हणाला, सिग्नल कालचाच आहे, सेट बघून घ्या. बाबांना वाटलं, दोघं मिळून आपल्याला फसवताहेत. खरं तर दोघंही खरं बोलत होते. ते दोघं एकाच वेळी खरे कसे, हे समजायला आम्हाला पुढे बरीच वर्षं लागली. आजचं व्याख्यान त्यातूनच तयार झालं.

आधी 'हाय डेफिनिशन' हा शब्द बघू, कारण तो आपल्याला वाटतो त्यापेक्षा खूप जुना आहे. १९३५ साली ब्रिटनमधल्या सेल्सडन समितीने टीव्हीबद्दल अहवाल दिला. त्यात 'हाय डेफिनिशन' म्हणजे किमान २४० रेषांचं चित्र, असं धरलं होतं. नोव्हेंबर १९३६ मध्ये बीबीसीने लंडनच्या अलेक्झांड्रा पॅलेसमधून नियमित प्रक्षेपण सुरू केलं. तिथे बेअर्ड यांची २४० रेषांची आणि मार्कोनी-ईएमआयची ४०५ रेषांची अशा दोन पद्धती आलटून पालटून वापरून पाहिल्या, आणि काही महिन्यांतच ४०५ रेषा जिंकल्या. त्या काळी हे 'हाय डेफिनिशन' होतं. म्हणजे 'हाय' हा शब्द नेहमी शेजारच्याच्या तुलनेत असतो. दुकानात तो शब्द ऐकला की 'कशापेक्षा हाय?' असं विचारायला हरकत नसते.

रेषा म्हणजे काय, तेही थोडक्यात सांगतो. जुन्या ट्यूबमध्ये इलेक्ट्रॉनांचा झोत पडद्यावर डावीकडून उजवीकडे, वरून खाली धावत असे. शेतात नांगराचे तास पडावेत तसे त्याचे तास पडत. भारताने ६२५ रेषांची पद्धत घेतली. त्यातल्या सुमारे ५७६ रेषांत चित्र असे, बाकीच्या तांत्रिक कामाला. १५ सप्टेंबर १९५९ ला दिल्लीत प्रायोगिक केंद्र सुरू झालं, २ ऑक्टोबर १९७२ ला मुंबई केंद्र, आणि पुढच्या वर्षी सिंहगडावरच्या मनोऱ्यामुळे पुण्यात चित्र आलं. या सगळ्या काळात रेषांची निवड करणं हे गिऱ्हाइकाचं कामच नव्हतं. तेव्हाची निवड निराळी असे. शटरचं लाकडी कपाट असलेला सेट घ्यायचा की पायांवर उभा राहणारा? अँटेना गच्चीत कुठे बांधायची? बूस्टर लागेल का? टपाल कार्यालयात लायसन्सचे पैसे कोण भरणार? चित्र खराब आलं की दोष सेटचा नसायचा. एक जण गच्चीत, एक जण खिडकीत, एक जण टीव्हीसमोर, आणि "आलं का? गेलं, गेलं, थोडं डावीकडे!" हा संवाद. पडद्यावर मुंग्या आल्या की त्या बाहेरून आल्या आहेत, हे लहान पोरालाही ठाऊक होतं. सेट आणि सिग्नल या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे ज्ञान त्या पिढीकडे होतं. मधल्या काळात केबलची वायर भिंतीतून थेट घरात आली, अँटेना उतरल्या आणि हे ज्ञानही गच्चीतच राहिलं.

१९८२ साली रंग आले. १५ ऑगस्टला दूरदर्शनने रंगीत प्रक्षेपण सुरू केलं, नोव्हेंबरमध्ये दिल्लीला एशियाड झालं, आणि रंगीत सेट ही मध्यमवर्गाच्या स्वप्नातली गोष्ट झाली. आपल्या विषयाच्या दृष्टीने या रंगाची एक गोष्ट फार महत्त्वाची आहे. रंगीत प्रक्षेपणाची पद्धतच अशी आखली होती की जुन्या कृष्णधवल सेटवरही चित्र नीट दिसावं. रंगाची माहिती मूळ चित्राच्या अंगावर वेगळी घडी घालून ठेवावी तशी पाठवली जाई. ज्याच्याकडे रंगीत सेट त्याने ती घडी उलगडावी, ज्याच्याकडे नाही त्याने सोडून द्यावी. त्यामुळे १९८७ साली 'रामायण' सुरू झालं तेव्हा असंख्य घरांत ते काळ्या-पांढऱ्यात बघितलं गेलं आणि कुणाचं काही अडलं नाही. काही घरांत पडद्यावर रंगीत प्लॅस्टिकचा कागद लावत, वर निळा, खाली हिरवा. माणूस खुर्चीवर बसला की त्याचे पाय हिरवे दिसायचे. त्यावर हसू येतं, पण त्या कागदामागे एक निश्चिंतपणा होता : घाई नाही, पैसे जमले की रंगीत घेऊ, तोवर हाच चालेल.

एचडीने हा निश्चिंतपणा मोडला. तो कसा मोडला हे बघायला जपानला जावं लागेल, कारण आपल्या हॉलमधल्या पडद्याची मापं तिथे ठरायला लागली.

१९६४ साली टोकियोत ऑलिंपिक झालं आणि त्याच सुमारास एनएचके या जपानच्या सार्वजनिक प्रसारण संस्थेने पुढच्या टीव्हीवर संशोधन सुरू केलं. या कामाचं नेतृत्व पुढे ताकाशी फुजिओ यांच्याकडे होतं. त्यांनी सुरुवात यंत्रापासून केली नाही. माणसांना पडद्यासमोर बसवून त्यांनी विचारलं, चित्र किती मोठं, किती रुंद आणि किती जवळ असलं म्हणजे आपण चौकटीकडे बघतोय हे विसरायला होतं? त्यांना असं दिसलं की चित्राने नजरेचा साधारण ३० अंशांचा भाग व्यापला की ती अनुभूती येते. म्हणजे चित्राच्या उंचीच्या तिप्पट अंतरावर बसायचं. जुना टीव्ही आपण उंचीच्या सहा-सात पट लांबून बघत होतो. आता एवढ्या जवळ बसायचं तर रेषा डोळ्याला टोचतात. त्या दिसू नयेत म्हणून त्यांची संख्या साधारण दुप्पट करावी लागते. जपानची आधीची पद्धत ५२५ रेषांची होती, नवी १,१२५ रेषांची झाली.

थोडक्यात, ज्याला आपण 'क्लॅरिटी' म्हणतो ती जवळ बसता यावं म्हणून आणली होती. आपण मात्र एचडी टीव्ही घरी आणला आणि जुना सोफा होता तिथेच ठेवला.

आता आजीच्या जाड माणसांकडे येऊ. जुन्या टीव्हीचं चित्र चारास तीन या प्रमाणात, जवळजवळ चौकोनी. सिनेमाचं चित्र त्याहून रुंद, आणि त्यातही अनेक मापं. एनएचकेने आधी पाचास तीन हे प्रमाण धरलं होतं. मग १९८० च्या दशकात अमेरिकेतले अभियंते कर्न्स पॉवर्स यांनी एक साधी युक्ती केली. चालू असलेली सगळी मापं त्यांनी सारख्या क्षेत्रफळाचे आयत म्हणून कापली आणि एकावर एक ठेवली. ते सगळे ज्या आयतात मावतात तो आयत सोळास नऊच्या जवळ येतो. हवं तर गणिताने ताडून बघा. जुन्या टीव्हीचं प्रमाण १.३३, अतिरुंद सिनेमाचं २.३५. यांचा गुणाकार करून वर्गमूळ काढलं की १.७७ येतं, म्हणजे सोळास नऊ. गंमत अशी की हे माप टीव्हीचंही नव्हतं आणि सिनेमाचंही नव्हतं. भांडण मिटावं म्हणून दोन भावांच्या मधोमध भिंत घालतात, तसं ते तडजोडीचं माप होतं. आमच्या घरी २०११ साली मराठी मालिका चारास तीनमध्ये येत होत्या आणि पडदा सोळास नऊचा. कडेला काळे पट्टे दिसले तर गिऱ्हाईक तक्रार करतं, म्हणून सेट चित्राला ताणून पडदा भरत होता. हिशेब केला तर प्रत्येक माणूस बरोबर एक तृतीयांशाने रुंद. आजीचं निरीक्षण अचूक होतं.

जपानची पुढची गोष्ट थोडी दुःखाची आहे. एवढं मोठं चित्र पाठवायचं कसं, हा प्रश्न होता. एनएचकेने 'म्यूझ' नावाची पद्धत काढली. ती चित्र दाबून उपग्रहावरून पाठवत असे. ती मुख्यतः अॅनलॉग होती आणि जुन्या सेटवर थेट दिसत नव्हती. रंगाच्या वेळी जी घडीची सोय होती ती इथे संपली. २५ नोव्हेंबर १९९१ ला जपानमध्ये या 'हाय-व्हिजन'चं रोजचं प्रायोगिक प्रक्षेपण सुरू झालं. अकरावा महिना, पंचविसावा दिवस, म्हणजे ११२५. एवढा अभिमान होता त्यांना. हौशी लोकांनी लाखो येन मोजून सेट घेतले. तोपर्यंत अमेरिकेत वारं फिरलं होतं. जून १९९० मध्ये जनरल इन्स्ट्रुमेंट या कंपनीने सांगितलं होतं की आपली पद्धत पूर्ण डिजिटल असेल. १९९३ साली तिथले प्रतिस्पर्धी एकत्र आले, त्या युतीला 'ग्रँड अलायन्स' म्हणत, आणि डिसेंबर १९९६ मध्ये अमेरिकेने डिजिटल मानक मंजूर केलं. युरोपने स्वतःची १,२५० रेषांची अॅनलॉग पद्धत बांधायला घेतली होती, ती अर्ध्यात सोडून दिली. जपानमध्येही डिसेंबर २००० मध्ये डिजिटल उपग्रह प्रक्षेपण आलं आणि २००७ साली म्यूझ बंद झालं. ज्यांनी सगळ्यांच्या आधी सगळ्यात चांगला सेट घेतला, त्यांच्या सेटचा पडदा उत्तम होता. फक्त त्याला समजणारी भाषा बोलणारं कुणी उरलं नाही.

डिजिटलने नेमकं काय केलं, ते एका हिशेबात सांगतो. इथे कुणी इंजिनियर असतील तर चूकभूल द्यावी घ्यावी. पूर्ण एचडी चित्र म्हणजे आडवे १,९२० आणि उभे १,०८० ठिपके, एकूण २० लाख ७३ हजार ६००. प्रत्येक ठिपक्याच्या रंगाला २४ बिट आणि सेकंदाला ३० चित्रं धरली तर सेकंदाला सुमारे १४९ कोटी बिट होतात. अमेरिकेत एका वाहिनीला मिळणाऱ्या जागेतून जातात सुमारे १ कोटी ९४ लाख. म्हणजे पंचाहत्तर पोती धान्य एका पोत्यात भरायचं. हे जमतं, कारण चित्रातलं जे हललं नाही ते पुन्हा पाठवत नाहीत. बातम्या देणाऱ्याच्या मागची भिंत एकदा पाठवली की झालं. पण क्रिकेटमध्ये कॅमेरा चेंडूमागे धावतो, गवताचं पातं न् पातं हलतं, गर्दी हलते. तिथे दाबताना चित्राचा जीव जातो. दुकानातले पोपट संथ असतात, दवबिंदू तर जागचा हलतच नाही. ती फिल्म पेन ड्राइव्हवरून चालते, आणि ती निवडणाऱ्याला हे सगळं पक्कं माहीत असतं.

आता परत आपल्याकडे. एचडी सेट आणि एचडी चित्र आपल्याकडे कुठल्या क्रमाने आले ते बघा. २००५ च्या जानेवारीत युरोपातल्या उत्पादकांनी 'एचडी रेडी' हा शिक्का ठरवला. त्याचा अर्थ असा की पडदा रुंद असेल, त्याला किमान ७२० रेषा असतील आणि एचडी सिग्नल दिला तर तो सेट घेऊ शकेल. 'दिला तर' हे महत्त्वाचं. 'रेडी' म्हणजे बोहल्यावर उभा. पलीकडून कुणी येणार की नाही, याची हमी त्या शिक्क्यात नाही. आपल्याकडे हा शिक्का दुकानांत सर्रास दिसायला लागला, तेव्हा भारतात एचडी प्रक्षेपण नव्हतंच. आपल्याकडच्या अशा बऱ्याच सेटांना १,३६६ बाय ७६८ ठिपके असत. हे माप ना ७२० चं, ना १,०८० चं, ना आपल्या जुन्या ५७६ चं. कुठलंही चित्र आलं तरी सेटला ते ताणावं किंवा आवळावं लागणारच.

त्याच २००५ साली आणखी एक निवड झाली, आणि ती आपल्या महाराष्ट्रातल्या उद्योगाने केली. औरंगाबादजवळ, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरजवळ, पैठण रस्त्यावरच्या चितेगावात व्हिडिओकॉनचा मोठा कारखाना. मराठवाड्यातल्या कितीतरी घरांची चूल त्या टीव्हीवर पेटलेली. या कंपनीने २००५ मध्ये फ्रान्सच्या थॉमसनचा पिक्चर ट्यूबचा जगभरातला व्यवसाय विकत घेतला. हिशेब वरवर चुकीचा नव्हता. भारत, चीनसारख्या देशांत लोक अजून वर्षानुवर्षं ट्यूबचेच टीव्ही घेतील, असा अंदाज होता. पण सपाट पडद्यांच्या किमती कुणालाही वाटल्या त्यापेक्षा वेगाने उतरल्या. ट्यूबचा काळ संपला. २०१८ साली कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. त्याला इतरही कारणं होती, तेलापासून मोबाइलपर्यंतचे अनेक उद्योग आणि कर्जाचे डोंगर होते. त्यामुळे सगळा दोष ट्यूबवर टाकणं बरोबर नाही. तरी घरातला पडदा निवडताना आपण चुकतो तेव्हा एक सोफा आणि एक पगार एवढाच प्रश्न असतो. इथे गावंच्या गावं त्या निवडीला बांधलेली होती.

सपाट पडद्यांचं वेड किती होतं, त्याची एक खूण सीमाशुल्काच्या इतिहासात आहे. दुबई, बँकॉक, सिंगापूरहून येणारे लोक विमानात टीव्ही घेऊन यायचे. पट्ट्यावरून बॅगांच्या जागी खोकी येत. अखेर २६ ऑगस्ट २०१३ पासून सरकारने प्रवाशाबरोबर येणाऱ्या सपाट पडद्याच्या टीव्हीवरची शुल्कमाफी काढून घेतली आणि ३६.०५ टक्के शुल्क बसवलं. रुपया घसरत होता, परकीय चलनाची ओढाताण होती. कुणाच्या तरी मामाने दुबईहून आणलेला टीव्ही थेट देशाच्या चालू खात्याच्या तुटीला जाऊन भिडला.

आणि चित्राचं काय? दिल्लीतल्या राष्ट्रकुल क्रीडास्पर्धांसाठी ऑक्टोबर २०१० मध्ये दूरदर्शनने एचडी प्रक्षेपण केलं. डीटीएच कंपन्यांनी त्याच सुमारास एचडी सेट-टॉप बॉक्स आणले. पण आमच्यासारख्या केबलच्या घरांत वायरमधून अॅनलॉगच येत होतं. मुंबईसह चार महानगरांत केबल डिजिटल करण्याची मुदत ३१ ऑक्टोबर २०१२ होती, पुण्यासारख्या शहरांत ३१ मार्च २०१३. आणि मराठी? स्टार प्रवाह, कलर्स मराठी आणि झी मराठी यांच्या एचडी वाहिन्या आल्या २०१६ साली. आमचा सेट २०११ चा. म्हणजे ज्या भाषेत आमचं घर रोज संध्याकाळी टीव्ही बघत होतं, त्या भाषेतलं एचडी चित्र यायला पाच वर्षं लागली. तोपर्यंत आजी गेली होती.

पुढे फेब्रुवारी २०१९ मध्ये ट्रायचे नवे दर लागू झाले. दरमहा १३० रुपये, अधिक कर, एवढ्यात १०० साध्या वाहिन्या, आणि एक एचडी वाहिनी घेतली तर ती दोन साध्या वाहिन्यांएवढी धरायची. दुकानात 'एचडी' हा एकदाच द्यायचा पैसा वाटतो. तो दरमहा द्यायचा असतो, हे लोकांना तेव्हा लख्ख कळलं. आमच्या सोसायटीत कित्येकांनी यादी बनवताना एचडी वाहिन्यांवर काट मारली आणि ५० इंची पडद्यावर साधं चित्र बघत राहिले. त्यांना दोष देण्यात अर्थ नाही.

तर मग बाबा फसले होते का? टेप घेऊन हिशेब केला तेव्हा आम्हाला उत्तर मिळालं. आमचा जुना २१ इंची ट्यूबचा टीव्ही साधारण ४३ सेंटिमीटर रुंद आणि ३२ उंच. नवा ३२ इंची सुमारे ७१ रुंद आणि ४० उंच. क्षेत्रफळ दुपटीहून थोडं जास्त. चित्र मात्र तेच, ५७६ रेषांचं. तूप तेवढंच आणि पोळी दुप्पट. शिवाय ट्यूबमध्ये ठिपका थोडा मऊ असतो, दोष झाकले जातात. सपाट पडदा चष्म्याचा नंबर बरोबर केल्यासारखा सगळंच दाखवतो, सुरकुत्यासुद्धा. सेट उत्तम होता म्हणूनच सिग्नल खराब दिसत होता.

आणि पैसे? सेल्समन फुल एचडीचा आग्रह करत होता, बाबांनी ऐकलं नाही. डॉक्टर ज्याला ६/६ म्हणतात ती नजर साधारण एका अंशाच्या साठाव्या भागाएवढा फरक ओळखते. ३२ इंची पडद्यावर १,०८० रेषा धरल्या तर चार फुटांच्या पलीकडे त्या एकमेकींत मिसळतात. ७२० असतील तर सुमारे सव्वासहा फुटांपलीकडे, आणि ५७६ असतील तर पावणेआठ फुटांच्या आसपास. आमचा सोफा भिंतीपासून आठ फुटांवर. म्हणजे फुल एचडीचे जास्तीचे पैसे दिले असते तर ते दिसलेच नसते. उलट फुजिओंच्या माणसांचा नियम लावायचा, उंचीच्या तिप्पट अंतर, तर आठ फुटांवरून बघायला ८१ सेंटिमीटर उंचीचं चित्र हवं, म्हणजे ६५ इंची टीव्ही. २०११ साली ६५ इंच म्हटलं असतं तर बाबांनी आम्हालाच बाहेर काढलं असतं. आता ४के बद्दल विचाराल. हेच गणित करा, रेषा दुप्पट तर अंतर निम्मं. पडदा मोठा नसेल आणि सोफा पुढे ओढायचा नसेल, तर आमच्या मते त्या शब्दासाठी वेगळे पैसे देऊ नयेत. वायरमधून काय येतं ते आधी विचारावं.

सभेतून एक चिठ्ठी आली आहे : जुन्या टीव्हीचं काय केलं? तो राजापूरजवळ आत्याकडे गेला. तिच्याकडे दूरदर्शनची फ्री डिश. साधं चित्र, साधा पडदा, पिवळी, लाल, पांढरी वायर. आजी शेवटचा उन्हाळा तिकडे होती तेव्हा तिने फोनवर आवर्जून सांगितलं होतं की इथली माणसं आपापल्या मापाची आहेत.

दोन पावसाळ्यांनंतर वीज पडून तो टीव्ही गेला. आत्याचा फोन आला, कुठला घेऊ? आम्ही म्हटलं, झोपाळ्यापासून भिंतीपर्यंत टेप लावून सांग. साडेसात फूट, ती म्हणाली. फ्री डिशच ठेवणार का? हो. मग ३२ च्या पुढे जाऊ नको, एचडी रेडी पुरे, असं आम्ही तिला सगळ्या हिशेबासह समजावलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं. दिवाळीत आम्ही गेलो तेव्हा भिंतीवर ४३ इंची फुल एचडी होता. शेजाऱ्यांकडे तेवढाच आहे, म्हणाली. आणि दुकानात त्याच्यावर पोपट इतके सुंदर दिसत होते.